पंचेचाळीस मिलिमीटरच्या रुळांकाठचे गवत

1891 हे साल लोहमार्गाच्या शौकिनांनी दोन अगदी निरनिराळ्या कारणांसाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी लाइपझिगच्या वसंतातील व्यापारी जत्रेत मार्क्लिन या जर्मन कारखानदारांनी खेळण्यातल्या आगगाड्यांचे रूळ ठरीव मापांचे करून प्रथमच विक्रीस मांडले आणि त्या मापांना अनुक्रमांक दिले. त्यांपैकी पहिल्या क्रमांकाचे माप पुढे पंचेचाळीस मिलिमीटरवर स्थिरावले. त्याच वर्षी, छत्रपती शाहू महाराजांना राज्यकारभाराचे अधिकार मिळण्यास अद्याप तीन वर्षांचा अवकाश असताना, करवीर संस्थानाचा मिरज-कोल्हापूर हा सुमारे 29 मैलांचा मीटरगेज लोहमार्ग वाहतुकीस खुला झाला. या दोन घटनांचा परस्परांशी तेव्हा सुतराम संबंध नव्हता. तो जुळला तब्बल सत्याहत्तर वर्षांनी. 1968 साली लेहमान या दुसऱ्या एका जर्मन कारखान्याने, ऊन-पाऊस सोसून अंगणात आणि बागेत धावू शकेल अशी मोठ्या आकाराची गाडी बाजारात आणली आणि तिच्यासाठी रूळ तोच पंचेचाळीस मिलिमीटरचा घेऊन प्रमाण मात्र साडेबावीसास एक असे ठरविले. एक मीटरला साडेबाविसांनी भागले असता साडेचव्वेचाळीस मिलिमीटरच्या आसपास उत्तर येते. म्हणजे ज्या मापाच्या रुळांवरून आमच्या आजोबा-पणजोबांनी मिरजेपर्यंतचा प्रवास केला, त्याच मापाची प्रतिकृती आज जगभरच्या बागांतून फिरते आहे.

ही गाडी कळंब्यासारख्या ठिकाणी एखाद्याने आपल्या परसात मांडावयाची म्हटली, तर तिच्या रुळांकाठी गवत कोणते असावे, मातीतून उगवणारे की कारखान्यातून गुंडाळी होऊन येणारे, हा प्रश्न वरवर पाहता रिकामटेकडा वाटेल. परंतु प्रमाण, ऋतू आणि पाणी या तिन्हींचा विचार त्यात करावा लागतो, आणि हिरवा रंग दिसला म्हणजे हिरवळ झाली असे मानण्याची जी सवय आपल्या नव्या वसाहतींना जडली आहे तिचीही तपासणी त्यात आपोआप होऊन जाते.

कळंबा हे कोल्हापूरच्या दक्षिणेस, गारगोटीच्या वाटेवरचे गाव; महसुली दप्तरात त्याची नोंद ‘कळंबे तर्फ ठाणे, तालुका करवीर’ अशी सापडते. संस्थानकाळात शहराला पाणी मिळावे म्हणून बांधलेला तलाव, त्याच्या पलीकडे कात्यायनीचा डोंगर आणि अलीकडे मध्यवर्ती कारागृह, एवढ्या खुणांनी हे गाव पिढ्यान्‌पिढ्या ओळखले गेले. गेल्या काही दशकांत मात्र उसाच्या रानांचे बिगरशेती होऊन गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट पडले, कुंपणे उभी राहिली, आणि प्रत्येक कुंपणाच्या आत पाच-पन्नास चौरस फुटांची ‘बाग’ हा घरबांधणीचा एक अपरिहार्य विधी होऊन बसला. आगगाडीला यापेक्षा अधिक जागा लागत नाही. लेहमानच्या सर्वांत आवळ वळणाची त्रिज्या 600 मिलिमीटर आहे, म्हणजे चार फूट व्यासाच्या वर्तुळात गाडी सुखाने फिरते. जागेची अडचण येथे नाही. अडचण आहे ती जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोसळणाऱ्या पावसाची, आणि त्या पावसाने उगवणाऱ्या गवताच्या उंचीची.

मराठी माणसाला बागेतली आगगाडी अगदीच नवखी आहे असे नाही. फक्त ती आरंभी राजवाड्यांच्या आवारातच सापडते. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांना आगगाडीचे वेड होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात राजवाड्याच्या परिसरात दोन फूट रुंदीच्या रुळांवर हौसेखातर सुरू झालेल्या गाडीचेच पुढे ग्वाल्हेर लाइट रेल्वे या सार्वजनिक लोहमार्गात रूपांतर झाले. त्यांच्याच जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर फिरणारी, पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया घेऊन जाणारी चांदीची गाडी तर जगप्रसिद्धच आहे. पण तिच्या वाटेत गवत येत नाही, तेव्हा तिला येथे नमस्कार करून पुढे जाऊ.

आपल्या विषयाला खरी जवळची आहे ती बडोद्याची गाडी. 1941 साली महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी आपल्या बाल राजपुत्रांना, रणजितसिंहांना, सव्वादहा इंच रुंदीच्या रुळांवरून धावणारी एक छोटी आगगाडी भेट दिली. लक्ष्मीविलास राजवाड्यापासून त्याच आवारातील राजपुत्रांच्या शाळेपर्यंत, झाडांच्या सावलीतून सुमारे तीन किलोमीटर तिचा मार्ग होता. त्या शाळेच्या इमारतीत आज महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. गाडी पुढे सयाजीबागेत, म्हणजे बडोदेकरांच्या जुन्या कमाठीबागेत, सर्वसामान्यांच्या मुलांसाठी धावू लागली. या मार्गाच्या दुतर्फा काय पेरावे असा प्रश्न कोणालाही पडला नसावा, कारण सव्वादहा इंच म्हणजे मीटरगेजच्या चौथ्या हिश्शाहून किंचित अधिक. त्या प्रमाणात बागेतली इंचभर कापलेली हिरवळ चार इंचांच्या गवतासारखी दिसते, आणि खऱ्या रुळांकाठीही गवत त्याहून बुटके क्वचितच असते. तेथे निसर्गाचे गवत आणि माणसाचे खेळणे यांच्यात तंटा नाही.

आता दुसरे टोक पाहा. पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथील मांडणी सत्त्याऐंशीस एक या प्रमाणाची आणि बंदिस्त दालनातील आहे. त्या जगात दोन मिलिमीटरचा धागा सतरा सेंटिमीटरचे गवत होतो. इतके आखूड गवत कोणत्याही मातीत उगवून तेवढेच राहावयाचे नाही. म्हणून या प्रमाणाचे कारागीर नायलॉनचे किंवा रेयॉनचे बारीक तंतू घेतात आणि पृष्ठभागावर डिंक लावून स्थिर विद्युतेच्या साहाय्याने ते उभे चिकटवितात. तेथे कृत्रिम गवत हा पर्याय नव्हे, तो एकमेव उपाय होय.

बडोद्याला खरे गवत पुरते आणि पुण्याला खोटेच लागते. वाद उरतो तो या दोहोंच्या मधल्या पंचेचाळीस मिलिमीटरच्या मुलखात, कारण येथे दोघांचाही हक्क थोडाथोडा सिद्ध होतो.

कृत्रिम गवताचा जन्मही एका अडचणीतूनच लोकांच्या नजरेस आला. अमेरिकेत मोन्सँटो कंपनीने तयार केलेली नायलॉनची हिरवळ 1964 साली ऱ्होड आयलंडमधील एका शाळेच्या मैदानावर अंथरली गेली होती. पण तिचा गाजावाजा झाला तो ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या छपराच्या क्रीडागारामुळे. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या तिरिपीने चेंडू दिसेना म्हणून तावदाने रंगविली, तावदाने रंगविल्याने सूर्यप्रकाश अडला, सूर्यप्रकाश अडल्याने खाली लावलेले खरे गवत मेले, आणि मेलेल्या गवताच्या जागी 1966 साली नायलॉनचे गवत आले. त्याला त्या क्रीडागारावरून अ‍ॅस्ट्रोटर्फ हे नाव पडले. 1976 च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी त्यावर खेळली गेली. आज शहरांच्या उपनगरांत तासाच्या भाड्याने मिळणारी ‘टर्फ’ ही त्याच वंशातील. आणि घराच्या गच्चीवर, दुकानाच्या पायरीवर, लग्नाच्या मंडपात अंथरलेले हिरवे जाजम हा त्याच घराण्याचा सर्वांत स्वस्त वारस होय.

हे जाजम रुळांकाठी अंथरण्यापूर्वी ग्राहकाने फूटपट्टी घेऊन दुकानात जावे. कृत्रिम गवत चौरस फुटाच्या दराने विकले जाते आणि दुकानदार साधारणतः उंच, दाट, पायाला मऊ लागणारा माल प्रथम पुढे करतो. कारण ते माणसाने चालण्यासाठी केलेले असते. पंचवीस मिलिमीटरचा धागा साडेबावीस पट केला असता छप्पन सेंटिमीटर होतो, म्हणजे आपल्या स्टेशनमास्तरांच्या गुडघ्यापर्यंत. चाळीस मिलिमीटरचा घेतला तर नव्वद सेंटिमीटर, म्हणजे ते बिचारे कमरेपर्यंत गवतात बुडालेले. कुरणाचा देखावा करावयाचा असल्यास हे चालेल, स्टेशनच्या आवाराला चालणार नाही. सात ते दहा मिलिमीटर उंचीचा, गोल्फच्या मैदानासाठी बनविलेला आखूड माल मात्र सोळा ते साडेबावीस सेंटिमीटरचे गवत दाखवितो, आणि ते डोळ्यांना पटते.

यात एक गंमत अशी की गवत तेच ठेवून गाडी बदलली तर देखावा बदलतो. मिरज जंक्शनने ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांच्या गाड्या एकाच वेळी पाहिलेल्या आहेत, आणि पंचेचाळीस मिलिमीटरच्या रुळावर त्या तिन्ही मांडता येतात. 1971 साली कोल्हापूरला आलेली ब्रॉडगेज मांडली तर प्रमाण सदतिसास एक होते आणि दहा मिलिमीटरचा धागा सदतीस सेंटिमीटरचा भासतो. बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी मांडली तर तोच सतरा सेंटिमीटर. आणि माथेरानची दोन फुटी गाडी मांडली तर साडेतेरा. थोडक्यात, गाडी जितक्या अरुंद मार्गाची, तितके गवताचे पाप झाकले जाते. कृत्रिम गवतच वापरावयाचे ज्याने मनाशी ठरविले असेल त्याने माथेरानचा किंवा बार्शीचा आदर्श पुढे ठेवावा, हा हिशेबाचा सल्ला आहे.

प्रमाण जमले म्हणजे काम फत्ते झाले असे नव्हे. बागेतील या गाडीचा पितळी रूळ सुमारे 8.4 मिलिमीटर उंच असतो. गवताचा धागा रुळाच्या माथ्याशी बरोबरी करू लागला की तो डब्यांच्या तळाला घासतो, सुटलेले तंतू चाकांच्या आसाभोवती गुंडाळले जातात, इंजिनाच्या दातेरी चक्रांत शिरतात, आणि गाडी एके दिवशी रुसून बसते ती कारण शोधेपर्यंत हलत नाही. म्हणून गवताची कड रुळाला भिडवू नये. स्लीपरच्या टोकापासून चार बोटे जागा सोडून तेथे बारीक खडी पसरावी. खऱ्या लोहमार्गाचीही रचना अशीच असते, तेव्हा यात सोय आणि सत्य दोन्ही साधतात. सह्याद्रीच्या काळ्या दगडाची ग्रिट कोल्हापुरात कोणत्याही क्रशरवर मिळते. गवत ताठ उभे राहावे म्हणून त्यात सिलिका वाळू भुरभुरविण्याची पद्धत आहे, आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमुळे ही वाळू येथे दुर्मीळ नाही. तथापि ती रुळापासून लांबच बरी, कारण वाऱ्याने उडालेला तिचा एक कण दातेरी चक्राचे जे नुकसान करतो ते दहा तंतू मिळून करीत नाहीत.

एखाद्या अनुभवी कोल्हापुरी माळ्याला हे सारे दाखविले, तर तो गवताकडे पाहणारही नाही, तो म्हणेल, “ते ऱ्हाऊ द्या हो, पानी कुठनं जानार ते सांगा आधी.” आणि त्याचेच बरोबर असते. कृत्रिम गवताच्या पाठीला लॅटेक्सचा किंवा तत्सम लेप असतो व त्याला ठरावीक अंतरावर भोके पाडलेली असतात. खाली काळी चिकण माती तशीच ठेवली तर आषाढातल्या झडीत ती फुगते, भोके बुजतात, पाणी साचते आणि रुळांची पातळी बिघडते. म्हणून माती चार-सहा इंच खरवडून काढावी, मुरूम भरून धुम्मसाने चोपावा, त्यावर खडीचा थर द्यावा, एका बाजूस पुरेसा उतार ठेवावा आणि मगच जाजम पसरावे. जाजमाच्या धाग्यांना एक कल असतो. दोन तुकडे उलटसुलट कलाने जोडले तर एक फिका आणि एक गडद दिसून सांधा चारचौघांत उघडा पडतो.

उन्हाळ्याची तऱ्हा निराळी. खरे गवत पाणी उच्छ्वासून स्वतःला थंड ठेवते, प्लास्टिकला ती विद्या अवगत नाही. कडक उन्हात कृत्रिम हिरवळीचा पृष्ठभाग साठ अंश सेल्सिअसच्याही वर तापल्याची मोजमापे ठिकठिकाणी झालेली आहेत. तापमान तीस अंशांनी वाढले की दहा मीटर लांबीचा पितळी रूळ साडेपाच मिलिमीटरहून अधिक लांबतो. त्यासाठी सांध्यांत फट ठेवावी लागते, आणि जाजम रुळाला किंवा स्लीपरला डिंकाने कदापि चिकटवू नये, कारण दोघांचे ताणणे वेगवेगळे असते आणि ओढाताणीत रूळ वाकडा होतो. ज्यांना विजेच्या गाडीने समाधान होत नाही आणि स्पिरिटच्या दिव्यावर खरी वाफ करणारे इंजिन चालविण्याची हौस आहे, त्यांनी तर आणखी सावध असावे. आजचे बहुतेक गवत पॉलिथिलीनचे असते आणि ते सव्वाशे अंशांच्या आसपास वितळते. पेटत्या स्पिरिटचा एक थेंब सांडला तर बागेत गवताऐवजी काळा डाग उरतो.

पण खरा आक्षेप याहून खोलवरचा आहे, तो रंगाचा आहे. कोल्हापूरच्या माळाचे गवत बारा महिने हिरवे नसते. आषाढ-श्रावणात ते डोळे निववील असे हिरवे असते, दसऱ्याला त्याच्या शेंड्यांवर तांबूस झाक येते, मार्गशीर्षात ते सोन्यासारखे पिवळे होते, आणि शिमग्याच्या सुमारास वणव्याने किंवा मुद्दाम लावलेल्या जाळाने काळे पडते. मसाईच्या पठारावर किंवा रुकडीच्या बाजूच्या रुळांकाठी ज्याने वर्षभर नजर ठेवली आहे, त्याला चैत्रातल्या उन्हात पोपटी झळकणारी हिरवळ पाहून ही गाडी मिरजेहून आली यावर विश्वास बसणार नाही. बाजारात आता पिवळे व तपकिरी धागे मिसळलेला मालही मिळतो आणि तो शुद्ध हिरव्यापेक्षा शतपटीने बरा; तरी तोही एकच महिना वर्षभर दाखवितो, एवढा दोष त्यात राहतोच.

मग खरे गवतच का लावू नये? लावावे, पण कोणते, याचा निवाडा आधी करावा. आपल्याकडे सहज येणारी हरळी, जिला गणपतीपुढे दूर्वा म्हणून मान आणि शेतकऱ्याच्या रानात तण म्हणून शिव्या मिळतात, ती रुळांकाठी लावणे म्हणजे स्वतःच्या हाताने मार्ग बंद करणे होय. तिची मुळी खडीतून, स्लीपरखालून, सांध्यातून वाट काढते, आणि हरळीची मुळी सहजासहजी मरत नाही हे सांगण्यासाठी कृषिशास्त्रज्ञ लागत नाही. लव्हाळ्याची गाठ तर तिच्याहून चिवट. उलट, पावसाळ्यात कळंब्याच्या कोणत्याही ओल्या भिंतीवर आपसूक उगवणारे शेवाळ या प्रमाणाला असे काही शोभते की कोणत्याही कारखान्याने हात टेकावेत. पाणथळ कडेला पसरणारी ब्राह्मी आणि उन्हात फुलणारा चिनी गुलाब या वनस्पती जमिनीलगत राहतात, छाटणी सोसतात आणि रुळांपासून हातभर अंतरावर लावल्यास उपद्रव देत नाहीत. तीन मीटरचा ऊस या प्रमाणात सव्वापाच इंचांचा होतो. तेवढ्या उंचीचे एखादे उभट पातीचे झाड दाट लावले की करवीर तालुक्याचा देखावा पुरा झाला.

या बाबतीत परदेशी पुस्तके चाळण्यापूर्वी आपण आपल्याच मुलांकडे पाहावे हे उत्तम. दिवाळीत अंगणात दगड-मातीचा किल्ला करताना आमची मुले त्याच्या उतारावर हळीव किंवा मोहरी पेरतात आणि भाऊबीजेपर्यंत गडावर कोवळे रान माजते. जेथे घाई असते, किंवा जेथे बी रुजणार नाही अशी दगडी कडा असते, तेथे तीच मुले हिरव्या रंगात भिजविलेला लाकडाचा भुसा पसरतात. खऱ्याचा अभिमान नाही आणि खोट्याची लाज नाही. जेथे जे टिकेल तेथे ते. बागेतल्या आगगाडीच्या रचनेचे सारे शास्त्र या बालव्यवहारात आलेले आहे, फक्त मुले चार दिवसांचा विचार करतात आणि आपल्याला चार पावसाळ्यांचा करावा लागतो.

चार पावसाळ्यांचा विचार करताना एक गोष्ट दृष्टिआड करता येणार नाही. उन्हाने जीर्ण झालेले हे धागे तुटतात, त्यांचे कण पाण्याबरोबर गटारात आणि गटारातून ओढ्यात जातात. जाजमाखालची माती उजेडाला आणि हवेला पारखी होते, गांडुळे निघून जातात आणि मुंग्यांची वारुळे होतात. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2022 पासून आपल्या पुष्पप्रदर्शनांत कृत्रिम गवताला मज्जाव केला. युरोपीय संघाने 2023 साली मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध घालताना अशा मैदानांत भरल्या जाणाऱ्या रबरी-प्लास्टिकच्या दाण्यांना आठ वर्षांची मुदत देऊन निरोप दिला. तलावाच्या काठी वसलेल्या गावाने याकडे परक्यांची बातमी म्हणून पाहू नये. एक संपूर्ण अंगण प्लास्टिकने मढविणे आणि खेळण्याच्या स्टेशनापुढे हातरुमालाएवढा तुकडा अंथरणे या दोहोंत मात्र अंतर आहे, आणि तारतम्य बाळगणाऱ्याने ते ओळखावे.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की, प्रतिकृतीत खोटेपणाचा आक्षेप मुळातच फार ताणू नये. जेथे स्टेशन खोटे, स्टेशनमास्तर खोटा आणि मिरज चार हातांवर, तेथे गवताने एकट्याने सत्यव्रत पाळावे असा आग्रह न्यायाचा नाही. आक्षेप घ्यावयाचा तर तो प्रमाणभंगावर घ्यावा, आणि प्रमाण दोन्ही गवते मोडतात: खरे गवत वाढून मोडते, खोटे गवत कधीच न बदलून मोडते. म्हणून जेथे वाढ नकोच आहे तेथे कृत्रिम गवत घालावे: रुळांच्या खडीलगतची वीतभर पट्टी, बोगद्याच्या तोंडावरचा उतार, फलाटामागची स्टेशनची बाग, मालधक्क्याचे आवार. बाकी सारा मुलूख मातीला, शेवाळाला आणि झाडांना मोकळा सोडावा.

ज्या वाचकांना ही हौस आहे त्यांना एवढेच सांगणे: धागा दहा मिलिमीटरहून उंच घेऊ नका, रंगात पिवळा मिसळलेला घ्या, रुळापासून चार बोटे दूर ठेवा, खाली मुरूम आणि उतार दिल्यावाचून अंथरू नका, आणि एकंदर जागेच्या दहाव्या हिश्शापेक्षा अधिक प्लास्टिक आपल्या बागेत येऊ देऊ नका. एवढे पथ्य सांभाळले तर गाडी पावसाळ्यातही वेळेवर धावेल, आणि अंगणही अंगण राहील.